मागच्या सीटची पसंती

“ह्याला मागं धरायला काय हाय?” आईनं विचारलं.

शीतल मगदूमनं आधी गाडीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. शीतल माझा शाळेतला मित्र. सांगली-मिरज रस्त्यावरच्या ‘मल्हार’च्या शोरूममध्ये तो मोटारसायकली विकायचा. इंजिनाची ताकद, टाकीत मावणारं पेट्रोल, ब्रेकचा प्रकार, सगळं त्याला तोंडपाठ. पण मागं धरायला काय आहे, हे त्याला आजवर कुणी विचारलं नसावं.

“हा बघा की काकू, मागं दांडा आहे. गच्च धरायचा.”

“दांडा मागं आणि मी बघनार म्होरं. हात उलटा करून बसू व्हय?”

“मग संग्रामच्या खांद्यावर हात ठेवायचा.”

“गाडी बघायला आलोय ना आपण? खांदा काय गाडीसंगं मिळत न्हाई,” आई म्हणाली आणि साडीचा काठ गुडघ्यापाशी आवळून एका बाजूनं गाडीवर चढून बसली. शोरूममधली दोन पोरं हसू दाबत काचेच्या पलीकडं गेली. मला धरणी दुभंगावी असं झालं.

ही गाडी मला आईला बाजारात न्यायला घ्यायची नव्हती. आमच्या कुपवाडच्या कारखान्यातले आम्ही चौघं जूनमध्ये लडाखला निघणार होतो. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा मला एवढी मोठी रजा मिळाली होती. बाकी तिघांच्या गाड्या दारात उभ्या होत्या, माझीच ठरत नव्हती. लांबच्या प्रवासाच्या दोन गाड्यांवर सुई अडकली होती. एक ‘मल्हार’, जड, रुंद, धडधडत जाणारी. दुसरी रस्त्याच्या पलीकडच्या शोरूममधली ‘ट्रेलान’, उंच, सडपातळ, अजिबात आवाज न करणारी. गाडी मेच्या मध्यापर्यंत हातात यायला हवी होती, कारण पाचशे किलोमीटर चालवून पहिली सर्व्हिसिंग केल्याशिवाय नवी गाडी एवढ्या लांब नेत नाहीत. आणि आईनं अट घातली होती, “मागं बसून मी पसंत केल्याबिगर दारात गाडी येनार न्हाई.”

बाबा गेल्यापासून आईच्या मानेशिवाय घरात साधा पंखासुद्धा आला नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे. म्हातारीला एक चक्कर मारू, दोन शब्द चांगले बोलेल, काम झालं. तेव्हा मला किती कमी कळत होतं!

शीतलनं डेमोची गाडी दिली. “दुपारच्या आत आण, आणि पेट्रोल तू घाल,” एवढंच म्हणाला. आईच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. शेवटी तिनं अंबाडा सोडून वेणी घातली, हेल्मेट चढवलं आणि आतून घुमल्यासारख्या आवाजात म्हणाली, “तासगावच्या रस्त्यानं घे.”

“अगं, बायपासनं जाऊ. रस्ता मस्त आहे.”

“मस्त रस्त्यावर सगळ्याच गाड्या मस्त जात्यात. खराब रस्त्यावर कळतं.”

हे पटण्यासारखं होतं. मला उलट कौतुक वाटलं. कवलापूर मागं पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. छाटणी होऊन गेलेली, वेलींना नुकते कोवळे फुटवे आलेले. मल्हार झकास चालली होती. खड्डा आला तरी गाडी डगमगत नव्हती, फक्त धडधड पायातून थेट डोक्यात जात होती. बरंच अंतर गेल्यावर आईनं माझ्या पाठीत बोट रुतवलं.

“थांब हितं.”

एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली एसटीची वाट बघणाऱ्यांसाठी दगडी बाक. आई उतरली, हेल्मेट काढलं, पिशवीतली बाटली काढून पाणी प्याली. मग बराच वेळ नुसती उभी. रस्त्यापलीकडं बाग होती, बागेला लोखंडी फाटक, आत नवं घर. मी आपला चाकं बघत होतो, साखळी बघत होतो.

“पाठ भरली का?”

“न्हाई.”

“मग कशी वाटली?”

“चल परत,” आई म्हणाली.

घरी आल्यावर तिनं निकाल दिला. “गाडी बरी हाय. पर लई आवाज करती. सगळ्या शिवाराला कळतं, कोन आलंय त्ये. आपण कुठं निगालो, कशाला निगालो, सगळं गावाला सांगत जायचं का?”

झालं. पुढच्या रविवारी ट्रेलान.

तिथला मॅनेजर टाय लावलेला. आई गाडीवर चढायला शोरूमच्या पायरीवर उभी राहिली, तेव्हा त्यानं धावत जाऊन खुर्ची आणली. ट्रेलानची मागची सीट उंच, आई माझ्यापेक्षा वर बसल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, “आई, आता बायपास?” तर म्हणाली, “त्या गाडीला जो रस्ता, त्योच हिला. न्हाईतर ताडून बघनार कसं?” हेही पटण्यासारखंच. पुन्हा कवलापूर, पुन्हा बागा, पुन्हा पाठीत बोट, पुन्हा तोच लिंब. या खेपेला आई बाकावर बसली. पदर डोक्यावरून घेतला. समोरच्या बागेत एक माणूस वेलींत वाकून काम करत होता, त्याची पाठ तेवढी दिसत होती. ट्रेलान इतकी शांत होती की त्यानं मान वळवून बघितलंही नाही.

“चल,” आई म्हणाली.

निकाल असा लागला, “हिला काय आवाजच न्हाई. दारात येऊन हुबी ऱ्हायली तरी आतल्या मानसाला पत्ता लागायचा न्हाई. अशी कशी गाडी?”

“गेल्या आठवड्यात तूच म्हणालीस, आवाज नको.”

“एवढा नगं म्हनले. अजिबात नगं असं कुठं म्हनले?”

माझं डोकं चक्रावलं ते तिथून. तसा मी आधीच तळ्यात-मळ्यात होतो. सकाळी उठलो की मल्हार बरी वाटायची. जड गाडी, वाऱ्यात हलायची नाही, कुठल्याही गावातला मिस्त्री उघडून जोडून देईल. दुपारी कारखान्यात डबा खाताना लडाखच्या चौघांतला देवकाते म्हणायचा, “खारदुंगलाचा घाट चढताना ते धूड ओढत नेणार का?” की लगेच ट्रेलान. मोबाईलवर लोक दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून तासतासभर बोलायचे. एक म्हणायचा मल्हारसारखं सुख नाही, दुसरा म्हणायचा मल्हार घेणाऱ्यानं आधी कंबरपट्टा घ्यावा. मी दोघांचंही पूर्ण ऐकायचो आणि दोघंही बरोबर वाटायचे. त्यात आई. ती म्हणायची, हिची सीट रुंद, पण तिच्यावरून दूरचं दिसतं. ही धुरळा उडवती, ती धुरळा अंगावर घेती. एकदा तर म्हणाली, “रंग बगितला न्हाईस का? असल्या रंगाच्या गाडीवर कुणाच्या दारात जायचं का?”

“कुणाच्या दारात? मी लडाखला चाललोय.”

आई भाकरी थापत राहिली.

रविवारमागून रविवार गेले. शीतल मला लांबून बघितलं की फोन कानाला लावायचा. टायवाला मॅनेजर मात्र खुर्ची तयार ठेवायचा. दर वेळी तोच रस्ता, तोच लिंब, तेच पाणी पिणं. आई काय बघते ते मला समजेना. मी धरून चाललो की तिला गाडी घेऊच द्यायची नाहीये. सरळ नाही म्हणायचं नाही, नुसतं झुलवत ठेवायचं. मे अर्धा होत आला आणि देवकातेचा निरोप आला, “शनिवारी पैसे भर, नाहीतर आम्ही तिघं.”

मी शनिवारी सकाळी कपडे करून बाहेर आलो. “आई, मी ट्रेलान घेतोय. ठरलं.”

“उद्या मल्हारवर एक चक्कर मारू. मग काय ते ठरव.”

मग मात्र माझा तोल सुटला. “तुला मला जाऊ द्यायचं नाही ना? मग तसं सांग की! रविवारी रविवारी हे नाटक कशाला? त्या शोरूममध्ये मी हसं झालोय. लोक म्हणतात, आईला विचारल्याशिवाय ह्याचा पाय हलत नाही.”

आई खाली बसून शेंगा फोडत होती. हात थांबला तिचा.

“एकच चक्कर,” ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की मलाच कसंतरी झालं. “परत न्हाई मागनार. उद्या झालं तर झालं.”

काय झालं तर झालं, ते मी विचारायला हवं होतं. पण मी नुसता पाय आपटत आत गेलो आणि देवकातेला सोमवारपर्यंत थांब म्हणून सांगितलं.

रविवारी आई दारात आली तेव्हा अंगावर जांभळी इरकल होती. ही साडी लग्नकार्याशिवाय कपाटातून निघत नसे. हातात एक जड कापडी पिशवी.

“हे काय आहे?”

“वजन. तू लडाखला काय मोकळ्या हातानं जानार हाईस? सामान घालून बगायला नगं का गाडी?”

पुन्हा पटण्यासारखं. तिचं सगळंच पटण्यासारखं असायचं, हीच तर पंचाईत होती. मी पिशवी टाकीवर बांधली. शीतलनं किल्ली देताना हात जोडले, “संग्राम, हे शेवटचं हं. मालक विचारायला लागलेत.”

लिंबाखाली आलो. बोट पाठीत रुतायच्या आधीच मी गाडी थांबवली. आई उतरली नाही.

“ही कधी बंद पडती का रं?” तिनं मागून विचारलं.

“नाही गं. नवी गाडी आहे. हाच तर तिचा...”

“पाडता येती का?”

“काय?”

“बंद. पाडता येती का? आपल्याला हवी तवा?”

मी हेल्मेट काढलं आणि वळून तिच्याकडं बघितलं. आईच्या कपाळावर घाम होता आणि ती समोरच्या फाटकाकडं बघत होती.

“आई, झालंय काय तुला?”

“त्ये घर कुनाचं हाय ठाव हाय का?”

“नाही.”

“तुज्या मामाचं.”

मला खरंच ठाऊक नव्हतं. रावसाहेबमामा, आईचा सख्खा थोरला भाऊ, त्यांचं गाव तासगावच्या पलीकडं, आतल्या बाजूला. ही रस्त्याकडेची बाग, हे घर त्यांनी कधी केलं, मला कळायचं कारणच नव्हतं. आठ-नऊ वर्षांत आमचं येणं-जाणं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, तृप्तीताईच्या लग्नात ते तुटलं. बोहल्यावर मुलीला मामानं न्यायचं असतं. लग्नाच्या आदल्या रात्री मामांच्या भागात गारा पडल्या होत्या, तोडणीला आलेली बाग झोपली होती. मामा वेळेत पोचले नाहीत. मुहूर्ताची घाई झाली आणि आईच्या एका चुलतभावाला मामा म्हणून उभं केलं. अक्षता पडताना मामा आले. मांडवाच्या टोकाला उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. पुढं बाबा वारले तेव्हा स्मशानात आले, घरी आले नाहीत. भाऊबीजेला आई गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी.

“मग जाऊ या की आत,” मी म्हणालो. “इथं किती रविवार नुसतं पाणी पीत बसलोय आपण!”

“जाऊ कशी? बोलवनं न्हाई तर भावाच्या दारात कसं जायाचं? आनि त्यानं तरी कुठल्या तोंडानं बोलवायचं?” आईनं पदरानं कपाळ पुसलं. “रस्त्यानं जाता जाता बंद पडली तर गोष्ट येगळी. मग काय आपन आलो असं न्हाई होत.”

आता माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मल्हारवरून जावं तर आवाजानं सगळ्या शिवाराला कळणार. ट्रेलानवरून जावं तर मामांना कळणारच नाही, ते बाहेर यायचेच नाहीत. घेतलेल्या गाडीवरून गेलं तर मुद्दाम गेलं. बघायला घेतलेल्या गाडीवरून गेलं तर सहज. मी महिनाभर इंजिनं ताडून बघत होतो आणि माझी आई भावाच्या दारात कसं थांबावं ते ताडून बघत होती.

मल्हारच्या हँडलवर, उजव्या अंगठ्यापाशी, एक लाल बटण असतं. ते दाबलं की इंजिन बंद. ते परत वर केल्याशिवाय कितीही स्टार्टर मारा, गाडी चालू होत नाही. मी गाडी फाटकासमोर नेली आणि बटण दाबलं. आई उतरली. मग स्टार्टर मारत राहिलो. उगाच खूप वेळ मारला, म्हणजे आत ऐकू जावं.

मामा बागेतून आले. अंगात बंडी, हाताला वेलींचा चीक, केस पार पांढरे झालेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं नाही. आई त्यांच्याकडं पाठ करून लिंबाकडं तोंड करून उभी होती.

“काय झालं?”

“बंद पडली,” मी म्हणालो.

“नवी दिसतीया.”

“नवीच आहे. अजून घेतली नाही, बघायला आणलीय.”

“मग घिऊ नगंस. आत्ताच बंद पडती म्हंजी.” ते वाकले. इंजिनाला हात लावला, टाकीवर टिचकी मारली, मग हँडलकडं आले. त्यांची नजर लाल बटणावर थांबली. मग माझ्यावर थांबली. त्यांनी बटणाला हात लावला नाही.

“आता ही लगीच चालू व्हायची न्हाई,” ते मोठ्यानं म्हणाले. “इंजान गार व्हायला पायजे. उनात किती येळ हुबं ऱ्हानार? सावलीला या म्हनावं.”

“सांग त्यास्नी,” आई लिंबाला म्हणाली, “आमी काय पावनं म्हनून आलो न्हाई. गाडी बंद पडली म्हनून थांबलोय.”

“सांग तिला, मी बी कुनाला बोलावलं न्हाई. पर पानी काय, कुनालाबी देत्यात.”

मी एकदा इकडं बघत होतो, एकदा तिकडं. दोघंही मला सांगत होते आणि दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येत होतं. शेवटी मीच टाकीवरची पिशवी सोडून घेतली, आईच्या हाताला धरलं आणि आम्ही फाटकातून आत गेलो.

पडवीत मामींनी पाणी आणून दिलं आणि त्या शहाण्या बाईनं एक शब्दही न विचारता चहाला आधण ठेवलं. मामा खांबाला टेकून बसले. आई सतरंजीच्या पार कडेला. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

“दादा,” आई एकदम म्हणाली. या वेळी माझ्यामार्फत नाही. “ह्यांचं काय चुकलं न्हवतं. ह्ये तर म्हनत हुते, रावसाब ईपर्यंत थांबू. मीच म्हनले, थांबू नगा. मुहूर्त जाईल, कुनालाबी हुबं करा. मी म्हनले.”

मी आईकडं बघतच राहिलो. इतकी वर्षं घरात आम्ही सगळे धरून चाललो होतो की ते बाबांनी केलं. बाबांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. बोल ऐकत गेले आणि तसेच गेले.

“ठाव हाय,” मामा म्हणाले.

“ठाव हाय? कुनी सांगितलं?”

“कुनी कशाला सांगाय पायजे? मी ऐकलं की. मांडवाच्या मागं नळ हुता बग, तितं मी पाय धूत हुतो. रातभर बागंत हुतो, मांडीपतुर चिखल. भाचीला बोहल्यावर न्यायचं, चिखलाच्या पायानं कसं न्यायचं? म्हनून धूत हुतो.” मामांनी खांबावरचा रंगाचा पोपडा नखानं काढला. “कनातीच्या अलीकडं मी, पलीकडं तू. तुजा आवाज आला. थांबू नगा म्हनालीस.”

आईचा चेहरा असा झाला की मला तिकडं बघवेना. ती तोंडाला पदर लावून हुंदके देत राहिली. मामी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“एक हाक तरी मारायची हुतीस रं दादा,” आई शेवटी म्हणाली. “आलोय म्हनून.”

“मारायची हुती. न्हाई मारली. राग आला.” मामा उठले आणि चहाचा कप स्वतः आईपुढं ठेवला. “आनि आता तू एवढं रईवार त्या लिंबाखाली हुबी ऱ्हातीस, तवा तरी मी कुठं हाक मारली? कदी धडधडणारी गाडी, कदी बिनआवाजाची. वेलीआडनं बगायचो मी. वाटायचं, आज ईल, आज ईल. की चालली माघारी. झाली फिट्टंफाट.”

आई रडता रडता हसली. मामींनी डोळे पुसले. मी मात्र गरम चहा एका घोटात पिऊन जीभ भाजून घेतली.

मग आईनं ती पिशवी पुढं ओढली. वजन! आत धोतराचं पान, शर्टाचं कापड, टोपी, आणि एक गुलाबी फेटा होता. घडी उलगडली तेव्हा डांबरगोळ्यांचा वास सुटला. तृप्तीताईच्या लग्नातला मामाचा पोशाख. घ्यायला माणूस नव्हता म्हणून इतकी वर्षं कपाटात राहिला होता.

मामांनी फेट्यावरून हात फिरवला आणि हात मागं घेतला.

“असा न्हाई घेत.”

आईचं तोंड उतरलं.

“मानाचा पोशाख वाटंत देत न्हाईत शालन. गाडी बंद पडली म्हनून आलीस ना? मग बंद गाडीवरनं आहेर येत असतो व्हय? त्याला दिवस लागतो.” मग ते माझ्याकडं वळले. “आनि ही गाडी काय मला पटत न्हाई गड्या. ती दुसरी कुठली? बिनआवाजाची. ती आनून दाखव फुडच्या रईवारी. बगितल्याबिगर कसं सांगू?”

“आणतो,” मी म्हणालो.

“आईला बी आन. मागं वजन नसंल तर गाडी कळत न्हाई.” मग पिशवीकडं बोट दाखवलं. “आनि ती पिशवी ऱ्हाऊ दे हितंच. उगं नेआण कशाला करायची?”

फाटकापर्यंत ते सोडायला आले. जाता जाता त्यांनी अंगठ्यानं लाल बटण वर केलं आणि म्हणाले, “आता हुईल चालू.” झाली.

सोमवारी मी देवकातेला फोन करून सांगितलं, तुम्ही तिघं जा. तो म्हणाला, “अरे पण कुठली घ्यायची ते ठरलं का?” मी म्हटलं, नाही, अजून बघतोय. त्यानं मला वेड्यात काढलं आणि त्याचं काही चुकलं नाही. मला वाईट वाटलं. लडाख हुकल्याचं वाईट अजूनही कधीकधी वाटतं, खोटं कशाला सांगू? जूनमध्ये त्यांचे बर्फातले फोटो येत होते आणि मी मागच्या सीटवर आईला घेऊन कवलापूर ओलांडत होतो. मामांना ट्रेलान उंच वाटली. मग म्हणाले, मल्हार पुन्हा एकदा बघावी. शोरूमवाल्यांनी दम दिला तेव्हा आम्ही लोकांच्या गाड्या मागून नेऊ लागलो. शेवटी दसऱ्याला मी मल्हार घेतली. का मल्हारच, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक बटणामुळं.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी मी गाडी धुऊनपुसून, नवा हार घालून दारात लावली. आईसाठी खास गादीची सीट करून घेतली होती, धरायला पुढं पट्टासुद्धा. इतक्यात गल्लीत फटफट आवाज आला. मामा त्यांच्या जुन्या मोटारसायकलवरून आले होते. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायचे हूक, सीटवर पोतं टाकलेलं. अंगात पिशवीतल्या कापडाचा नवा शर्ट, नेसूचं धोतर, डोक्याला तो गुलाबी फेटा.

ते आत आले, पाटावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, “शालन, न्यायला आलोय.”

आई जांभळ्या इरकलीतच होती. तिला कसं कळलं होतं, देव जाणे. बाहेर आल्यावर मी मल्हारची मागची सीट थोपटली, “चल आई, मामा पुढं होतील, आपण ह्यावर जाऊ. धरायला पट्टा लावलाय बघ.”

“खुळा का काय? न्यायला भाऊ आलाय,” आई म्हणाली.

मामांच्या गाडीला मागं धरायला काही म्हणजे काही नव्हतं. दांडा कधीच निखळून पडला असावा. आई पोत्यावर एका बाजूनं बसली, तिनं साडीचा काठ आवळला आणि हात मामांच्या खांद्यावर ठेवला. मी गाडी चालू केली, तशी ती मागं वळून ओरडली.

“संग्राम, मागनं ये. पर अंतर ठेवून ये रं. तुज्या गाडीचा लई आवाज, आमाला बोलता यायचं न्हाई.”

मी इंजिन बंद केलं. ती दोघं गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तरी आईचा बोलण्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी थांबलो आणि मग निघालो.